आफ्रिकेचा समुद्र कोण राखतं? शेजारी देशांच्या सहकार्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिका म्हटलं की आपल्याला सिंह, सवाना आणि सहारा आठवतात. समुद्र सहसा आठवत नाही. या खंडातल्या 54 देशांपैकी 38 देशांना किनारा आहे आणि त्यातले काही आपल्याच अरबी समुद्राला जोडलेल्या हिंदी महासागरावर वसलेले आहेत. या किनाऱ्याबद्दल बोलायला लागलं की ओळखीची माणसं तेच ते प्रश्न फिरून विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

प्रत्येक देशाने आपापला किनारा नीट सांभाळला तर पुरत नाही का?

नाही पुरत, आणि याचं सर्वांत सोपं कारण वाळू हे आहे.

पश्चिम आफ्रिकेत घाना, टोगो, बेनिन आणि नायजेरिया हे देश एकाला एक लागून आहेत. त्यांच्या किनाऱ्यावर लाटा नैर्ऋत्येकडून तिरक्या येतात आणि वाळूला पश्चिमेकडून पूर्वेकडे ढकलत नेतात. वर्षभर, न थांबता. घानाच्या व्होल्टा नदीने आणून टाकलेली वाळू अशीच पुढे टोगोला आणि बेनिनला मिळायची. 1965 मध्ये घानाने व्होल्टावर अकोसोम्बो धरण बांधलं. देशाला वीज मिळाली, पण नदीचा गाळ धरणाच्या मागे अडकला. नदीच्या मुखापलीकडचं केटा हे गाव त्याआधीपासूनच झिजत होतं, त्याची अवस्था आणखी बिकट झाली.

मग टोगोने लोमेला मोठं बंदर बांधलं आणि समुद्रात लांब भिंत घातली. भिंतीच्या पश्चिमेला वाळूचे ढीग साठले. पूर्वेला अग्बोद्राफो, आनेहो या गावांचा किनारा समुद्राने खायला सुरुवात केली. माडांच्या रांगा गेल्या, घरं गेली, रस्ता मागे सरकवावा लागला. आनेहोच्या पुढे सरहद्द लागते आणि बेनिनचं ग्रां-पोपो सुरू होतं. तिथेही तीच झीज. टोगो आणि बेनिनच्या सीमेवरच्या मोनो नदीवर 1987 मध्ये नांगबेटो धरण झालं आणि तिचाही गाळ कमी झाला. आणखी पूर्वेला कोटोनू बंदराच्या भिंतीने हाच प्रकार बेनिनच्या पूर्वेकडच्या वस्त्यांबाबत केला.

बंधारा घातला की त्याच्या एका अंगाला पुळण वाढते आणि दुसऱ्या अंगाची बाग समुद्रात जाते, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. इथे फरक एवढाच की बंधारा एका देशात आहे आणि बाग दुसऱ्या देशात. बेनिनने स्वतःच्या हद्दीत कितीही दगड टाकले तरी त्याची वाळू शेजाऱ्याकडेच अडकलेली असते. म्हणून टोगो आणि बेनिन यांना अग्बोद्राफोपासून ग्रां-पोपोपर्यंतच्या पट्ट्याचा एकत्र आराखडा करावा लागला. जागतिक बँकेच्या मदतीने 2018 मध्ये सुरू झालेल्या पश्चिम आफ्रिका किनारपट्टी कार्यक्रमात हे काम आलं. याच भागातल्या किनाऱ्याची मोजणी सगळ्या देशांसाठी एकाच पद्धतीने व्हावी म्हणून सेनेगलची राजधानी डकार इथल्या एका पर्यावरण केंद्रात प्रादेशिक निरीक्षण यंत्रणाही उभी राहिली. माझ्या मते दगडी बंधाऱ्यांपेक्षा ही मोजणी जास्त मोलाची आहे. किनारा कुठे किती सरकला याचे आकडे दोघांनी मान्य केलेले असले की कुणामुळे सरकला यावर निदान बोलणं तरी सुरू होतं.

यासाठी देशादेशांत काही करार आहेत का?

आहेत, आणि बरेच जुने आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 1974 मध्ये प्रादेशिक समुद्रांची योजना सुरू केली. एकाच समुद्राभोवतीच्या देशांनी एकत्र बसून त्याची काळजी घ्यावी, ही त्यामागची कल्पना. आफ्रिकेभोवती असे चार मोठे करार आहेत. उत्तरेला भूमध्य समुद्रासाठी 1976 चा बार्सिलोना करार आहे. तांबडा समुद्र आणि एडनच्या आखातासाठी 1982 चा जेद्दा करार आहे. पश्चिमेला मॉरिटानियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या अटलांटिक किनाऱ्यासाठी 1981 चा आबिजान करार आहे. पूर्वेला सोमालियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या किनाऱ्यासाठी आणि बेटांसाठी 1985 चा नैरोबी करार आहे.

नैरोबी कराराच्या दहा सदस्यांत केनिया, टांझानिया, मोझांबिक, मादागास्कर, मॉरिशस, सेशेल्स, कोमोरोस वगैरे देशांबरोबर फ्रान्सचंही नाव आहे. लोकांना याचं नवल वाटतं. रियुनियन हे बेट फ्रान्सचं असल्यामुळे तो या समुद्रातला शेजारीच ठरतो.

करारावर सही केली म्हणजे नेमकं काय बंधन येतं?

मूळ करार साधारण स्वरूपाचा असतो: प्रदूषण रोखा, एकमेकांना कळवा, संकटात मदत करा. खरं बंधन त्याखालच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे उपकरारांत असतं. नैरोबी कराराबरोबरच 1985 मध्ये दोन प्रोटोकॉल झाले. एक संरक्षित क्षेत्रं आणि वन्यजीवांचा, दुसरा तेलगळतीसारख्या आपत्तीत सहकार्याचा. जमिनीवरून समुद्रात जाणाऱ्या सांडपाण्याबद्दलचा प्रोटोकॉल 2010 मध्ये आला, आणि एकात्मिक किनारा व्यवस्थापनाचा 2023 मध्ये. आबिजान कराराखाली खारफुटीच्या जंगलांसाठी स्वतंत्र प्रोटोकॉल आहे. त्याला नायजेरियातल्या कालाबार शहराचं नाव दिलं आहे.

खरी अडचण वेळेची आहे. नैरोबी करारावर 1985 मध्ये सह्या झाल्या आणि तो लागू झाला 1996 मध्ये. सही झाल्यावर प्रत्येक देशाच्या संसदेने मान्यता द्यायची, मग देशातला कायदा बदलायचा, मग तो कायदा बंदरावरच्या अधिकाऱ्याच्या हातात पोचायचा. मधल्या काळात जन्मलेलं मूल शाळेत जाऊ लागतं. हे वाचताना मला दरवेळी त्रास होतो, कारण किनारा तेवढी वाट पाहत नाही.

सहकार्य खरोखर जमलं आहे असं एखादं उदाहरण आहे का?

बेंग्वेला प्रवाह.

अंगोला, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्या पश्चिम किनाऱ्याला लागून हा थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. वाऱ्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याच्या जागी तळाचं पोषक द्रव्यांनी भरलेलं थंड पाणी वर येतं. त्यामुळे इथे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, मुबलक, आणि प्लवकावर जगणारे मासेही मुबलक. जगातल्या सर्वांत सुपीक समुद्रांपैकी हा एक आहे.

या सुपीकतेची लूटही तशीच झाली. नामिबिया 1990 मध्ये स्वतंत्र झाला. त्याआधी त्याच्या समुद्रात परदेशी जहाजांचे ताफे हेक मासा अक्षरशः उपसत होते. सार्डिनचा साठा तर साठच्या दशकाच्या अखेरीपासून कोसळला आणि आजवर पूर्ण सावरलेला नाही. तिथे त्यानंतर जेलीफिशचं राज्य आलं. सार्डिनवर जगणारे आफ्रिकी पेंग्विन घटत गेले आणि 2024 मध्ये त्यांची नोंद अतिसंकटग्रस्त प्रजातींत झाली. नामिबियाने स्वतंत्र झाल्यावर परवाना नसलेली परदेशी जहाजं पकडायला सुरुवात केली, पण एकट्याने ते पुरणारं नव्हतं. खोल पाण्यातला हेक नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातली रेषा ओळखत नाही.

या तीन देशांचा इतिहास पाहिला तर ते कधी एका टेबलाशी बसतील असं वाटलं नसतं. वर्णभेदी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेने नामिबियावर ताबा ठेवला होता आणि तिचं सैन्य अंगोलात लढत होतं. अंगोलातलं यादवी युद्ध 2002 पर्यंत चाललं. तरीही नव्वदच्या दशकात तिन्ही देशांच्या शास्त्रज्ञांनी एकत्र सर्वेक्षणं सुरू केली. नॉर्वेचं ‘डॉ. फ्रिट्जॉफ नानसेन’ हे संशोधन जहाज त्यांच्या मदतीला होतं. 2007 मध्ये बेंग्वेला प्रवाह आयोग स्थापन झाला. 18 मार्च 2013 रोजी अंगोलातल्या बेंग्वेला शहरात कायमच्या करारावर सह्या झाल्या. आयोगाचं कार्यालय नामिबियातल्या स्वाकोपमुंड या किनाऱ्यावरच्या शहरात आहे.

हा करार मला महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या व्याप्तीमुळे. मासेमारी, समुद्रतळातली हिऱ्यांची खाणकामं, तेल, जहाजं आणि प्रदूषण हे सगळं मिळून एक परिसंस्था आहे असं मानून तिची काळजी घ्यायची, हे त्याच्या मुळाशी आहे. कोटा, म्हणजे किती मासा पकडायचा ते, ठरवायचा अंतिम अधिकार आजही प्रत्येक देशाकडेच आहे, आयोग फक्त शिफारस करतो. पण शिफारशीमागचे आकडे तिघांनी मिळून गोळा केलेले असतात, त्यामुळे ते सहज झटकून टाकता येत नाहीत. आणि इथे करार शेवटी आला. त्याआधी पंधरा-सोळा वर्षं माणसं एका बोटीवर राहून, एका ताटात जेवून मासे मोजत होती.

मग जिथे जमलेलं नाही असं?

सार्डिनेला. मोरोक्कोपासून मॉरिटानिया, सेनेगल, गांबिया आणि खाली गिनीपर्यंत हे लहान मासे ऋतूप्रमाणे वरखाली फिरतात. आपल्याकडची तारली याच कुळातली. सेनेगलमधल्या गरीब घरात भातावर पडणारा मासा म्हणजे सार्डिनेला. शेंगदाणा-तांदळाच्या या देशात प्रथिनं मिळवून देणारं तेच मुख्य कालवण.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत मॉरिटानिया, सेनेगल आणि गांबियाच्या किनाऱ्यावर माशांची भुकटी करणारे कारखाने उभे राहिले. ही भुकटी परदेशातल्या मत्स्यशेतीला खाद्य म्हणून जाते. एक किलो भुकटीला साधारण चार-पाच किलो ताजा मासा लागतो. जो मासा किनाऱ्यावरच्या बायका धुरावर शेकून, वाळवून आतल्या गावांत विकायच्या, तोच आता कारखान्याच्या ट्रकमध्ये जातो. कारखाना जास्त भाव देतो, त्यामुळे नौकावाल्याला दोष देता येत नाही. पण शेकणाऱ्या बाईच्या हाती काही उरत नाही.

या भागातल्या सात देशांचा उप-प्रादेशिक मत्स्य आयोग 1985 पासून आहे आणि त्याचं कार्यालय डकारला आहे. तरीही सार्डिनेला किती पकडायचा आणि तो देशांत कसा वाटायचा याचा सर्वांवर बंधनकारक कोटा ठरलेला नाही. एका देशाने मासेमारी आवरली तर तोच मासा पुढच्या महिन्यात शेजाऱ्याच्या जाळ्यात जातो, म्हणून आवरायला कुणीच तयार होत नाही. त्यातून प्रत्येक देश परदेशी ताफ्यांशी वेगळी बोलणी करतो आणि बाहेरचे लोक एकाचा भाव दुसऱ्याला दाखवून आपलं काम साधतात.

या आयोगाने एक काम मात्र फार चांगलं केलं. 2013 मध्ये त्याने हॅम्बुर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाला विचारलं की परक्या समुद्रात चोरटी मासेमारी करणाऱ्या जहाजाबद्दल, ज्या देशाचा झेंडा त्यावर आहे त्या देशाची जबाबदारी काय? 2 एप्रिल 2015 रोजी न्यायाधिकरणाने मत दिलं. झेंडा देणाऱ्या देशाने आपल्या जहाजांवर पुरेशी काळजी घेऊन लक्ष ठेवलं पाहिजे. त्यात कसूर झाली तर त्याला जबाबदार धरता येतं. छोट्या देशांच्या हातात हे एक हत्यारच आलं.

चोरटी मासेमारी करणारी जहाजं पकडायला एकेका देशाकडे बोटी आणि पैसा नसतो. मग ते काय करतात?

माहिती वाटून घेतात. 2012 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या काही देशांनी फिश-आय आफ्रिका नावाचं जाळं सुरू केलं आणि पुढे त्यात कोमोरोस, केनिया, मादागास्कर, मॉरिशस, मोझांबिक, सेशेल्स, सोमालिया आणि टांझानिया असे आठ देश झाले. या जाळ्यात प्रत्येक देशाचा अंमलबजावणी अधिकारी थेट दुसऱ्याशी बोलतो. संशयास्पद जहाज दिसलं की त्याचा फोटो, परवाना, मागचा प्रवास सगळ्यांसमोर येतो.

‘प्रीमियर’ या जहाजाची गोष्ट यात नेहमी सांगितली जाते. या जहाजाने पश्चिम आफ्रिकेत लायबेरियाच्या समुद्रात विनापरवाना मासेमारी केल्याचा आरोप होता. मग ते हिंदी महासागरात आलं आणि इथले परवाने मागू लागलं. आपल्यावरचं प्रकरण मिटलं आहे असं दाखवणारी लायबेरियाच्या नावाची बनावट पत्रंही पुढे करण्यात आली. पण इथल्या अधिकाऱ्यांनी थेट लायबेरियाला विचारलं आणि पत्रं खोटी असल्याचं कळलं. एकामागून एक देशाने दार बंद केलं. शेवटी 2013 मध्ये मालकाला लायबेरियाला दहा लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली. एकही गस्ती नौका पाठलागाला न जाता हे झालं.

पाठलाग झाला तो 2018 मध्ये, ‘एसटीएस-50’ या जहाजाचा. अंटार्क्टिककडच्या टूथफिशच्या चोरीसाठी ते कुप्रसिद्ध होतं. नावं आणि झेंडे सारखे बदलायचं. मादागास्करच्या अधिकाऱ्यांना त्याच्या कागदपत्रांत गडबड दिसली. मोझांबिकने मापुतोला ते अडकवून ठेवलं, पण ते तिथून निसटलं. मग टांझानियाचे अधिकारी असलेली एका संस्थेची बोट त्याच्या मागे लागली, आणि एप्रिलमध्ये इंडोनेशियाच्या नौदलाने ते पकडलं. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून इंडोनेशियापर्यंत प्रत्येकाने पुढच्याला खबर दिली म्हणून.

मॉरिशसच्या तेलगळतीत काय झालं होतं? शेजाऱ्यांनी मदत केली का?

25 जुलै 2020 च्या संध्याकाळी ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर प्वांत देस्नीजवळ प्रवाळावर चढलं. जहाज जपानी मालकाचं, झेंडा पनामाचा, कप्तान भारतीय. माल नव्हता, पण इंजिनासाठीचं सुमारे 3,900 टन इंधन तेल पोटात होतं. बारा दिवस जहाज तसंच अडकून होतं. 6 ऑगस्टला टाकी फुटली. सुमारे एक हजार टन तेल खाडीत, खारफुटीत आणि ब्लू बे या संरक्षित सागरी उद्यानाच्या आसपास पसरलं. 15 ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले.

त्या दिवसांत हजारो लोक किनाऱ्यावर धावले. उसाची पात कापडी नळ्यांत भरून, रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधून त्यांनी तेल अडवणारे तरंगते बांध शिवले. बायकांनी, पोरांनी, आजोबांनी. ज्यांनी ती छायाचित्रं पाहिली आहेत त्यांना काळ्या चिखलाने माखलेले ते हात विसरता येणार नाहीत.

मॉरिशसमध्ये मराठी वंशाचा मोठा समाज आहे. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि गणपतींचं विसर्जन समुद्रात होतं. त्या वर्षी गळतीनंतर अडीच आठवड्यांतच गणपती आले. मॉरिशसचा समुद्र आपल्यासाठी नकाशावरचा लांबचा ठिपका राहत नाही तो यामुळे.

मदत आली. फ्रान्सने जवळच्याच रियुनियन बेटावरून विमान आणि जहाजाने साहित्य पाठवलं. जपानने तज्ज्ञ पाठवले. भारताने वायुदलाच्या विमानाने तीस टनांहून अधिक सामग्री आणि तटरक्षक दलाच्या दहा जणांचं पथक पाठवलं. पण बारा दिवसांत काय झालं, हा प्रश्न उरतोच. नैरोबी कराराचा आपत्तीबद्दलचा प्रोटोकॉल 1985 पासून होता. कागदावर सहकार्य होतं. प्रवाळावर चढलेल्या जहाजातून तेल उपसणारी ताकदवान जहाजं आणि पंप मात्र जवळपास कुठेच नव्हते. ते कुणी विकत घ्यायचे, कुठल्या बंदरात ठेवायचे आणि दरवर्षी चालवून कुणी बघायचे, हे आधी ठरलेलं असावं लागतं.

2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजं सुवेझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. मोझांबिक, मादागास्कर आणि दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळची वर्दळ त्यामुळे वाढली. ‘वाकाशिओ’सारखी वेळ पुन्हा येण्याची शक्यताही तेवढीच वाढली.

नुकसानभरपाई मिळाली का?

तेलवाहू टँकर फुटला तर आंतरराष्ट्रीय निधीतून मोठी भरपाई मिळू शकते. ‘वाकाशिओ’ टँकर नव्हता आणि सांडलेलं तेल त्याच्या स्वतःच्या इंजिनाचं होतं. त्यामुळे तो निधी लागू झाला नाही. भरपाई मालकाच्या मर्यादित दायित्वावर, म्हणजे कायद्याने त्याला जास्तीत जास्त जेवढं देणं लागतं त्यावर, आणि विम्यावर अवलंबून राहिली. कप्तान आणि त्याच्या दुय्यम अधिकाऱ्याला डिसेंबर 2021 मध्ये वीस महिन्यांची शिक्षा झाली. छोट्या बेटांनी मिळून दायित्वाची मर्यादा वाढवून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. एकट्या मॉरिशसच्या आवाजाला तिथे फारसं वजन नाही.

या सगळ्याला पैसा कोण देतो?

बराचसा बाहेरून येतो. जागतिक पर्यावरण सुविधा नावाचा आंतरराष्ट्रीय निधी, जागतिक बँक, युरोपीय संघ, नॉर्वे, स्वीडन. करारांच्या सचिवालयांना सदस्य देशांनी वर्गणी द्यायची असते आणि ती थकते. प्रकल्प चार-पाच वर्षांचे असतात. प्रकल्प संपला की प्रशिक्षित माणूस दुसरीकडे नोकरी शोधतो, मोजणीची मालिका तुटते आणि पुढचा प्रकल्प पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. वर्गणी छोटी असली तरी ती वेळेवर येणं मला कुठल्याही मोठ्या देणगीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. आपला पैसा गुंतला की देश बैठकीला मंत्री पाठवतो.

आफ्रिकी संघ यात कुठे आहे?

2014 मध्ये त्याने 2050 पर्यंतचं एकात्मिक सागरी धोरण स्वीकारलं. 2016 मध्ये लोमेला सागरी सुरक्षेची सनद झाली. 2015 ते 2025 हे दशक आफ्रिकी समुद्रांचं म्हणून जाहीर केलं आणि 25 जुलै हा आफ्रिकी सागर दिन ठरवला. ‘वाकाशिओ’ प्रवाळावर चढलं ती तारीखही तीच होती.

प्लास्टिकचं काय?

केनियाने ऑगस्ट 2017 मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी घातली, टांझानियाने जून 2019 मध्ये. मधली दोन वर्षं सरहद्दीवरून पिशव्या चोरून येत राहिल्या. शेजाऱ्यांनी एकाच दिवशी बंदी घालावी, इतकं हे उत्तर सोपं आहे.

मच्छीमार गावांचा यात काही वाटा आहे की सगळं सरकारी पातळीवरच चालतं?

मला सर्वांत आशा वाटते ती इथेच. मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर अंदावादोआका नावाचं गाव आहे. तिथे ओहोटीला बायका खडकाळ प्रवाळावर चालत जातात आणि काठीने बिळातून ऑक्टोपस बाहेर काढतात. आपल्या कोळणी आणि भंडारणी ओहोटीला कालवं फोडायला, खुबे वेचायला जातात तशाच. ऑक्टोपस झपाट्याने वाढतो, पण त्याला वाढायला वेळच मिळत नव्हता. 2004 मध्ये गावाने काही महिन्यांसाठी एक भाग बंद केला. उघडल्यावर मिळालेले ऑक्टोपस इतके मोठे होते की शेजारच्या गावांनीही तसंच करायचं ठरवलं. त्यातून पुढे गावांनी स्वतः सांभाळलेलं वेलोंड्रियाके हे सागरी क्षेत्र तयार झालं. 2012 मध्ये अशा गावांचं देशभर जाळं झालं.

ही कल्पना बोटीबोटींनी पसरली. दुसऱ्या देशांतले मच्छीमार इथे येऊन पाहून गेले. केनियात कुरुवितू गावाने 2005 मध्येच स्वतःचा प्रवाळपट्टा बंद केला होता, त्यांच्याकडूनही लोक शिकले. झांझिबार आणि कोमोरोसच्या गावांतही ऑक्टोपसची बंदी पाळली जाऊ लागली. यात कुठल्या मंत्र्याची सही नव्हती. बंदी किती दिवस ठेवायची, मोडली तर दंड किती, उघडायची ती कुठल्या भरतीच्या वेळी, हे गावाने बसून ठरवायचं. कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याची रीत ज्यांनी पाळली आहे त्यांना यातलं शहाणपण लगेच कळेल.

भारताचा, आणि आपल्या मच्छीमारांचा, या सगळ्याशी काय संबंध?

कुप्याचा संबंध आहे. हिंदी महासागरातले मोठे कुपे म्हणजे ट्यूना आपल्या आणि आफ्रिकेच्या समुद्रात फिरत असतात. त्यांचा निर्णय सेशेल्समध्ये मुख्यालय असलेल्या हिंदी महासागर ट्यूना आयोगात होतो. मोठे ताफे पाण्यात तरंगते सापळे सोडतात. त्यांच्या सावलीला कुप्यांची पिल्लं जमतात आणि सगळी एकदम जाळ्यात येतात. फेब्रुवारी 2023 मध्ये मोम्बासाच्या बैठकीत या सापळ्यांवर दरवर्षी ठराविक काळ बंदी घालणारा ठराव मंजूर झाला. किनारी देशांचा तो मोठा विजय होता. मग युरोपीय संघाने आणि काही आफ्रिकी देशांनीही हरकत घेतली, आणि ठराव बंधनकारक राहिला नाही. ज्यांच्या बंदरांत त्या ताफ्यांचा मासा उतरतो, ज्यांच्या कारखान्यांत तो डब्यात भरला जातो, त्यांना बंदी परवडत नव्हती. प्रदेशाचं हित एक आणि देशाची रोजची भाकरी दुसरी, हा पेच मला इथे सर्वांत उघड दिसतो.

दोन देशांनी मिळून समुद्राचा एखादा भाग सांभाळल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि मला त्याबद्दल लिहायला फार आवडतं. सेशेल्स आणि मॉरिशस यांच्या मध्ये मास्करीन पठार पाण्याखाली पसरलेलं आहे. दोन्ही देशांचा त्यावर दावा होता. भांडण्याऐवजी त्यांनी मिळून संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे एकच दावा मांडला, तो मान्य झाला आणि मार्च 2012 मध्ये त्यांनी संयुक्त व्यवस्थापनाच्या करारांवर सह्या केल्या. हे क्षेत्र सुमारे 3,96,000 चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्रापेक्षा मोठं. त्यातल्या साया दे माल्या या उथळ भागात जगातल्या सर्वांत मोठ्या सागरी गवताळ कुरणांपैकी एक आहे. समुद्राच्या मधोमध, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, सूर्यप्रकाशात डोलणारं गवत.

पण कायद्याने या दोन देशांना फक्त समुद्रतळाचा हक्क मिळाला आहे. वरचं बरंचसं पाणी खुल्या समुद्रात मोडतं आणि तिथे कुणाचीही जहाजं जाळी टाकू शकतात. गवताची मुळं दोन देशांची, त्यावरून पोहणारे मासे कुणाचेच नाहीत. खुल्या समुद्रातल्या जीवसृष्टीसाठीचा आंतरराष्ट्रीय करार 2023 मध्ये झाला. लागू व्हायला त्याला साठ देशांची मान्यता हवी होती. सप्टेंबर 2025 मध्ये मोरोक्कोच्या मान्यतेने हा साठचा आकडा गाठला गेला आणि 17 जानेवारी 2026 रोजी करार लागू झाला. साया दे माल्यावरच्या पाण्यालाही संरक्षित क्षेत्र करा, अशी मागणी सेशेल्स आणि मॉरिशस यांना आता या कराराखाली एकत्र मांडता येईल.